‘ट्रू चक’ आणि शाफ्टचा मध्य

शेतकीच्या मासिकांत लेथ यंत्रावरील लेख पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. बी-बियाणें, खतें, पाण्याच्या पाळ्या, रोग-कीड हे आपले नेहमींचे विषय. लोखंड कातणें हा टर्नरचा. परंतु विहिरीवर पंप बसला, उसाचा चरक इंजिनावर फिरूं लागला आणि मळणीयंत्र खळ्यावर आलें, तेव्हांपासून आपल्या शेतीचा एक धागा तालुक्याच्या गांवच्या लेथवाल्याच्या हातांत गेला आहे. शाफ्ट झिजला, बुश सैल झाला, पुली घसरूं लागली कीं आपण ती वस्तु पोत्यांत बांधून त्याच्या दारांत नेऊन टाकतों, मजुरीची घासाघीस करितों आणि चहा पिऊन परत येतों. आंत तो तें लोखंड कसें धरतो याकडे आपण पाहत नाहीं. मीहि पाहत नव्हतों. गेल्या उन्हाळ्यांत तें पाहण्याची पाळी आली, तीहि नुकसान सोसून. म्हणून हा लेख.

माझ्या विहिरीवरील पंप मोटारीला कपलिंगनें जोडलेला आहे. एप्रिलांत त्याच्या कपलिंगकडील बेअरिंगची आंतली कडी शाफ्टवर घसरून फिरूं लागली व तेथील बैठक झिजली. शाफ्ट सोडवून जवळच्या एका वर्कशॉपमध्यें दिला. तेथें झिजलेल्या जागीं वेल्डिंगचा थर चढविला, शाफ्ट लेथला लावून तो थर मापास उतरविला, आणि मायक्रोमीटर लावून आंकडा मला दाखविला. माप बरोबर होतें. बेअरिंग घट्ट बसलें. पंप सुरू झाला. पण पहिल्याच दिवसापासून कपलिंगजवळ एक बारीक थरथर हाताला जाणवूं लागली. ग्लँडमधून पाणी गळूं लागलें, आणि दोरी कितीहि आवळली तरी तें थांबेना. नवव्या दिवशीं बेअरिंग तापून अडकलें. शेतांत उन्हाळी भुईमूग उभा होता, आऱ्या जमिनींत उतरण्याची वेळ होती, आणि पाण्याच्या दोन पाळ्या चुकल्या. ज्यांनीं भुईमूग केला आहे त्यांना याचा अर्थ सांगावयास नको.

यानंतर तो शाफ्ट घेऊन मी थोड्या दूरच्या गांवीं एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं तो हातांत फिरवून पाहिला आणि पहिला प्रश्न केला, “भाऊसाहेब, हा धरला कशांत होता?”

मला प्रश्नच कळला नाहीं. मी म्हणालों, “मिस्त्री, मापाला बरोबर आहे. माझ्यादेखत मोजला आहे.”

“जाडी बरोबर आहे हो. पण जाडी बरोबर असली म्हणून मध्य बरोबर असतो का?”

माझा जन्म महसूल खात्याच्या दप्तरांत गेला, तेव्हां हें वाक्य मला माझ्या भाषेंत चटकन् उमगलें. एखाद्या गटाचें क्षेत्र कागदावर गुंठ्यागणिक बरोबर येतें. पण ज्या खुणेच्या दगडावरून मोजणी धरली तो दगडच चार हात सरकलेला असतो. क्षेत्र खरें, आणि तरी शेत शेजाऱ्याच्या बांधांत घुसलेलें. माझ्या शाफ्टचें नेमकें तसेंच झालें होतें. मिस्त्रींच्या दुकानांत त्यानंतर मी तीन दिवस बसून होतों, आणि जें पाहिलें व विचारून घेतलें तें पुढें देतों.

लेथचें तत्त्व थोडक्यांत असें. सुतार लांकूड स्थिर ठेवून त्यावर रंधा फिरवितो. लेथवर उलट आहे. हत्यार रुळावरून सरळ सरकतें आणि लोखंड स्वतःभोंवतीं फिरतें. या फिरणाऱ्या लोखंडाला वर्कशॉपमध्यें ‘जॉब’ म्हणतात. त्याला फिरविणारा जो मुख्य दांडा तो स्पिंडल, आणि स्पिंडलच्या गर्भांतून जाणारी कल्पित रेषा तो लेथचा आंस. हत्यार जेथें जेथें लोखंडाला लागेल तेथें तेथें या आंसाभोंवतीं गोल तयार होतो. जॉब वेडावांकडा धरला तरी कातलेला भाग गोलच निघतो. चूक राहते ती कातलेल्या आणि न कातलेल्या भागांच्या नात्यांत. कारण न कातलेला भाग आपल्या जुन्या आंसावर असतो आणि कातलेला लेथच्या.

म्हणून जॉब धरणाऱ्या साधनाला दोन कामें करावीं लागतात. हत्याराच्या रेट्यानें जॉब घसरूं नये वा निसटूं नये असा तो आवळून धरणें, हें एक. आणि जॉबचा आंस लेथच्या आंसावर आणून ठेवणें, हें दुसरें. हीं दोन कामें निराळीं आहेत. पहिलें साधलें म्हणजे दुसरें साधलेंच असें नाहीं, आणि माझ्या भुईमुगाचें पाणी या दोहोंमधल्या फरकांत आटलें.

मध्य साधण्याची सर्वांत जुनी रीत आपल्याकडील कातारी लोकांस ठाऊक होती. दोन अणकुचीदार टोंकांमध्यें लांकूड अडकवावयाचें, त्याला दोरीचे वेढे द्यावयाचे, आणि दोरी मागें-पुढें ओढून तें फिरवावयाचें. या रीतींत मध्य शोधण्याचें कारणच उरत नाहीं. टोंकें जेथें रुतलीं तोच मध्य. लोखंडी शाफ्टलाहि हीच रीत लागू आहे. कोणत्याहि चांगल्या शाफ्टच्या दोन्ही तोंडांवर नीट पाहिलें असतां एकेक लहान, आंत निमुळतें होत गेलेलें भोंक दिसेल. त्याचा उतार ६० अंशांचा असतो, आणि लेथच्या दोन्ही बाजूंच्या टोंकांचा, म्हणजे ‘सेंटरां’चा उतारहि तेवढाच असतो. शाफ्ट त्या दोन टोंकांत अडकवितात, एका बाजूस कॅरिअर नांवाची पकड आवळून त्याला फिरवितात. काम झालें, शाफ्ट काढला, सहा महिन्यांनीं पुन्हां लावला, दुसऱ्या गांवच्या लेथवर लावला, तरी मध्य तोच सांपडतो. शाफ्टवरील हीं दोन भोंकें म्हणजे त्याच्या जन्माच्या वेळचे खुणेचे दगड होत. यांच्याविषयीं पुढें मला एक कबुली द्यावयाची आहे.

परंतु प्रत्येक वस्तूला दोन तोंडांनीं धरतां येत नाहीं. बुशला आरपार भोंक हवें असतें, पुलीला आंतून कातावें लागतें, तोकड्या तुकड्याला टोंकांत अडकविण्यास जागाच नसते. अशा वेळीं एकाच बाजूनें घट्ट धरणारें साधन लागतें, तेंच चक. स्पिंडलच्या तोंडावर बसविलेला तो एक जाड, गोल, लोखंडी ठोकळा असतो, आणि त्याच्या तोंडावर मध्याकडे सरकणारे जबडे असतात. या जबड्यांना दुकानांत ‘जॉ’ म्हणतात.

आपल्या गांवच्या दुकानांत बहुधा दोन प्रकारचे चक आढळतात. तीन जबड्यांचा तो ‘ट्रू चक’ आणि चार जबड्यांचा तो ‘डॉग चक’. ट्रू चकमध्यें चौकोनी तोंडाची एक चावी एका भोंकांत घालून फिरविली कीं तिन्ही जबडे एकदम, सारख्याच अंतरानें आंत येतात व जॉबला धरतात. धरणें आणि मध्यावर आणणें हीं दोन्ही कामें एकाच हालचालींत होतात. दहा सेकंदांचें काम. हें कसें घडतें याचें मला मोठें कुतूहल होतें. सुदैवानें दुसऱ्या दिवशीं मिस्त्रींनीं आपला चक धुण्यासाठीं खोलला.

आंत एक जाड तबकडी असते. तिच्या पुढल्या अंगावर चकलीच्या वेढ्यासारखी मध्यापासून बाहेर जाणारी खांच कोरलेली असते, आणि मागल्या अंगावर दांते असतात. चकच्या कडेला चावीसाठीं जीं तीन भोंकें दिसतात त्यांच्या आंत एकेक लहान दांतेरी चाक असतें. तें मागल्या दांत्यांत अडकलेलें असतें. चावी फिरविली कीं लहान चाक फिरतें, त्याबरोबर तबकडी फिरते. जबड्यांच्या पाठीवरहि दांते असतात व ते पुढल्या वेढ्यांत बसलेले असतात. जबडा फिरूं शकत नाहीं, कारण तो आपल्या सरळ खांचेंत कोंडलेला. मग वेढा फिरला कीं त्याला आंत किंवा बाहेर सरकण्यावांचून गत्यंतर नसतें. वेढा सर्वत्र सारख्या अंतरानें वाढत जाणारा असल्यामुळें तिन्ही जबडे सारखेच सरकतात. इतकेंच त्यांतलें रहस्य. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कनेक्टिकट येथील सायमन फेअरमन यानें १८४० सालीं अशा चकचें पेटंट घेतलें, आणि त्याचा जांवई ऑस्टिन कुशमन यानें पुढें त्याचा विकास व प्रसार केला. आजचा ट्रू चक तत्त्वतः तोच आहे.

येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. तिन्ही जबडे दिसावयास सारखे, पण त्यांच्यावर १, २, ३ असे आंकडे ठोकलेले असतात. वेढ्याचें तोंड फिरत फिरत आधीं पहिल्या खांचेशीं येतें, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तोंवर तो वेढा थोडथोडा बाहेर गेलेला असतो. म्हणून प्रत्येक जबड्याचे दांते मागच्यापेक्षां वेढ्याच्या एकतृतीयांश अंतरानें सरकवून कापलेले असतात. क्रम चुकवून जबडे घातले तर ते मध्यावर एकत्र मिळतच नाहींत. मिस्त्रींच्या हाताखालील पोरानें माझ्यासमोर दोन आणि तीन यांची अदलाबदल केली. त्याबद्दल त्याला जें ऐकावें लागलें तें येथें लिहितां येत नाहीं.

जबडे तीनच कां? याचें उत्तर आपल्या चुलींत आहे. तीन दगडांवर भांडें नेहमीं बसतें, चार दगडांवर एखादा दगड रिकामा राहून भांडें डुलतें. तीन जबडे एकाच वेढ्यावर सरकले तरी गोल वस्तूला तिन्ही लागतातच. सहाकोनी दांडाहि त्यांत धरतां येतो. चौकोनी मात्र धरतां येत नाहीं.

आतां नांव जरी ‘ट्रू’ असलें तरी या चकची खरेपणाची एक मर्यादा आहे, आणि ती आपण समजून घेतली पाहिजे. वेढ्यांत व दांत्यांत थोडी मोकळीक ठेवावीच लागते, नाहींतर तबकडी फिरणार नाहीं. शिवाय वेढ्याची वळण आंत अधिक व बाहेर कमी असते. जबड्याचा दांता सर्व ठिकाणीं त्यांत अंगभर बसूं शकत नाहीं, एका रेघेवर टेकतो, आणि ती रेघ झिजते. रोज एकाच जाडीचे जॉब धरले तर वेढा तेवढ्याच जागीं झिजतो. तोकडे तुकडे जबड्यांच्या टोंकांत धरण्याची सवय असेल तर जबडे पुढच्या बाजूस झिजून घंटेच्या तोंडासारखे पसरट होतात. मग ते जॉबला फक्त आंतल्या बाजूस धरतात आणि बाहेरचें टोंक डोलतें. जबड्याखालीं लोखंडाचा एक कीस अडकला तरी मध्य सरकतो. नव्या साधारण ट्रू चकमध्येंहि गुळगुळीत गोल दांडा धरला असतां डायलची सुई एका फेऱ्यांत ५ ते १० शतांश मिलिमीटर हलते. जुन्यामध्यें याहून पुष्कळ अधिक. माणसाचा केस साधारण ७ शतांश मिलिमीटर जाड असतो. म्हणजे ही चूक केसाएवढी. वाचक म्हणतील, केसानें काय होतें? पण ३५ मिलिमीटर जाडीच्या शाफ्टवर बेअरिंग दाबून बसवावयाचें असतां बैठकीच्या जाडींत सुमारें दीड शतांशाचीच सूट असते. जेथें जाडी इतक्या बारकाईनें पाळावयाची, तेथें मध्य केसानें सोडून देणें हा कसला हिशोब?

आणि तरीहि ट्रू चकवर जगांतील निम्मी कामें बिनचूक होतात, याचें कारण मिस्त्रींनीं एका वाक्यांत सांगितलें: “एका पकडींत कातलेलें सगळें एकमेकांशीं खरें असतें.” लांबट दांड्याचा तुकडा चकमध्यें धरला, त्याचें तोंड कातलें, बाहेरचा गोल कातला, आंतलें भोंक कातलें आणि मग तुकडा तोडून घेतला, तर या सर्वांचा आंस एकच, मग चक कितीहि झिजलेला असो. कारण मूळ दांड्याची जी बाजू वांकडी होती ती किसांत गेली. जॉब सोडून, उलटा करून, पुन्हां धरला कीं मात्र चकची चूक त्यांत उतरते. नव्या वस्तूंत ही पुन्हां धरण्याची वेळ टाळतां येते; दुरुस्तीच्या वस्तूंत ती पहिल्यापासूनच आलेली असते. तिचा अर्धा भाग दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या लेथवर, वर्षांपूर्वीं कातलेला असतो. आणि आपण शेतकरी लेथवाल्याकडे नेतों तें बहुतेक सारें दुरुस्तीचेंच असतें.

माझ्या शाफ्टचें काय झालें तें आतां सहज ध्यानांत येईल. त्याचें पंखाकडील टोंक गंजलेल्या जागीं ट्रू चकमध्यें धरलें गेलें. पुढची झिजलेली बैठक कातली गेली. ती गोल झाली, मापास आली. पण पंखाकडील जी जुनी, चांगली बैठक होती तिच्या आंसावर ती नव्हती. मिस्त्रींनीं जुन्या बैठकीच्या हिशोबानें शाफ्ट फिरवून नव्या बैठकीवर डायल लावला. सुई ३० शतांश हलली. येथें एक खुलासा केला पाहिजे. सुई जितकी हलते त्याच्या निम्मा मध्य सरकलेला असतो, कारण एका बाजूस तो तितका पुढें येतो आणि दुसऱ्या बाजूस तितकाच मागें जातो. म्हणजे मध्य १५ शतांश मिलिमीटर चुकला होता. पंप मिनिटाला २८८० फेरे घेतो. ४ किलो वजनाचा भाग एवढ्या वेगानें फिरत असतां मध्यापासून १५ शतांश सरकला, तर त्याची बाहेरची ओढ हिशोबानें सुमारें साडेपांच किलो वजनाएवढी होते, आणि ती दर मिनिटाला २८८० वेळां दिशा फिरविते. त्यांत कपलिंग वांकडें चालल्यामुळें मोटारीचा शाफ्ट त्याला प्रत्येक फेऱ्यांत पिळीत राहतो. ग्लँडची दोरी बिचारी काय टिकणार?

असली कामें डॉग चकची. यांत चारहि जबड्यांना स्वतंत्र स्क्रू असतो. एक फिरविला तर एकच जबडा सरकतो. तो आपण होऊन मध्य साधीत नाहीं. मध्य टर्नरनें साधावा लागतो. म्हणूनच गर्दीच्या दुकानांत तो कोपऱ्यांत पडलेला असतो. पण चौकोनी, वांकडीतिकडी, ओतीव वस्तु, मुद्दाम मध्य सोडून धरावयाची वस्तु, आणि जेथें जुन्या गोलाशीं नवा गोल जुळवावयाचा आहे अशी प्रत्येक वस्तु यांतच धरली पाहिजे.

मिस्त्रींचा हात पाहण्यासारखा होता. त्यांचा लेथ हरिहर येथें १९४१ सालीं स्थापन झालेल्या म्हैसूर किर्लोस्कर कारखान्याचा. तो कारखाना पुढें बंद पडला, लेथ चालू आहे. चकच्या तोंडावर एकाभोंवतीं एक वर्तुळें कोरलेलीं असतात, त्यांच्या अंदाजानें त्यांनीं आधीं चारहि जबडे सारखे आणले. शाफ्टला चरे पडूं नयेत म्हणून प्रत्येक जबड्याखालीं तांब्याच्या पत्र्याचा तुकडा घातला. मग जुन्या बैठकीवर डायलचें बोट टेकवून चक हातानें सावकाश फिरविला. पहिल्या जबड्यापाशीं सुई ४० वर, समोरच्या तिसऱ्यापाशीं १० वर. फरक ३०, त्याचे निम्मे १५. जेथें आंकडा अधिक त्या बाजूस शाफ्ट बाहेर आलेला. म्हणून समोरचा तिसरा जबडा किंचित् ढिला केला आणि पहिला आवळला, सुई २५ वर येईपर्यंत. मग दुसरा आणि चौथा. मग पुन्हां पहिला आणि तिसरा. नेहमीं समोरासमोरची जोडीच धरावयाची, शेजारच्या दोघांना एकदम हात लावावयाचा नाहीं. नवशिका येथेंच गोंधळतो आणि तासभर सुईच्या मागें धांवतो. तिसऱ्या फेरींत सुई एका शतांशाच्या आंत स्थिरावली. चारहि जबडे थोडथोडे सारखे आवळून त्यांनीं पुन्हां एकदां पाहिलें.

मला वाटलें, झालें. पण त्यांनीं डायल उचलून शाफ्टच्या दुसऱ्या टोंकाकडे, न झिजलेल्या भागावर लावला. तेथें सुई पुन्हां हलूं लागली. चकजवळ मध्य बरोबर असला तरी शाफ्ट तिरका असूं शकतो. त्यांनीं लांकडी हातोडीनें हलके टोले देऊन तें टोंक आणलें, आणि परत पहिल्या जागीं येऊन तपासलें. मीं मनांत म्हटलें, खरेंच. एका दगडावरून हद्दीची रेघ ठरत नाहीं, दोन दगड लागतात. या सर्वास पाऊण तास लागला, आणि अजून लोखंडाला हत्यार लागलें नव्हतें.

आतां ती कबुली. हें सर्व चालू असतां मी विचारलें कीं, शाफ्टला दोन्ही तोंडांवर सेंटरचीं भोंकें असतां एवढी यातायात कशासाठीं? टोंकांत अडकवून कां लावीत नाहीं? मिस्त्रींनीं शाफ्टचें कपलिंगकडील तोंड माझ्यापुढें धरलें. भोंक पिचून, कडा आंत दुमडून, त्याचा आकारच उरला नव्हता. “हें कोणीं केलें, भाऊसाहेब?” मीं केलें होतें. कपलिंग गंजून बसलें होतें. तें निघेना म्हणून घणानें मीं शाफ्टच्या तोंडावर चार घाव घातले होते. घाव बरोबर त्या खुणेच्या दगडावर बसले. पहिल्या वर्कशॉपवाल्यानें डायल न लावतां काम केलें ही त्याची चूक खरीच. पण त्याच्यासमोर शाफ्ट ठेवतांना त्याचा मध्य मींच पुसून टाकला होता, हेंहि खोटें नाहीं.

म्हणून क्रम असा ठरला. वेल्डिंगचा थर आदल्या दिवशींच पुन्हां चढविला होता आणि रात्रभर शाफ्ट निवूं दिला होता, कारण वेल्डिंगच्या उष्णतेनें शाफ्ट वांकतो. सकाळीं तो तपासून सरळ केला. मग वर सांगितल्याप्रमाणें डॉग चकमध्यें मध्यावर आणून, बाहेरच्या टोंकाला स्टेडीचा आधार दिला आणि पिचलेलें भोंक नव्यानें कापलें. नंतर शाफ्ट चकमधून काढून दोन सेंटरांमध्यें लावला आणि त्या एकाच बांधणींत नवी बैठक उतरविली. जुन्या बैठकीवर शेवटीं डायल लावला तेव्हां सुई हलल्याचें मला चष्मा पुसूनहि दिसलें नाहीं.

पातळ वस्तूंविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण चरकाचे बुश आपण सर्वच करून घेतों. गनमेटलचा पातळ बुश ट्रू चकमध्यें जोरानें आवळला कीं तो तीन जागीं दबून किंचित् तिकोनी होतो. त्या स्थितींत आंतलें भोंक अगदीं गोल कातलें जातें. चक सोडला कीं बुश आपल्या मूळ आकाराला परत जातो, आणि आतां भोंक तिकोनी होतें. वाईट हें कीं, अशा तीन फुगवट्यांच्या गोलावर मायक्रोमीटर कोठेंहि लावला तरी माप जवळजवळ सारखेंच येतें. समोरासमोरच्या दोन बिंदूंत मोजणाऱ्या साधनाला हा दोष दिसत नाहीं. बुश बसतो, महिन्याभरांत खातो, आणि आपण धातूला दोष देतों. यावर उपाय सोपा आहे: जाड तुकड्यांतूनच आधीं भोंक व बाहेरचा गोल एका पकडींत कातून मग बुश तोडून घ्यावा, किंवा कच्चें काम झाल्यावर जबडे सैल करून, हलक्या हातानें पुन्हां आवळून शेवटचा हात फिरवावा.

कॉलेट म्हणून आणखी एक साधन आहे. उभ्या चिरा दिलेली ती एक पोलादी नळी असते. निमुळत्या घरांत ओढली कीं ती चोहोंबाजूंनीं सारखी मिटते. मध्य फार चांगला साधते आणि जॉबवर चरा पडत नाहीं; पण एक कॉलेट जवळजवळ एकाच जाडीला चालते. एकाच मापाचे शेंकडों नग करणाऱ्या कारखान्यांत तिचें राज्य. आपल्या कामाचा तिच्याशीं क्वचितच संबंध येतो.

दुकानांत बसणाऱ्यानें एक गोष्ट मात्र संभाळावी. चक फिरूं लागला कीं जबडे बाहेर फेंकले जाऊं पाहतात, आणि बाहेरून धरलेल्या जॉबवरची पकड वेगाबरोबर कमी होत जाते. म्हणून चकच्या वेगाची मर्यादा ठरविलेली असते. जॉब जाडीच्या तिपटीहून अधिक बाहेर काढला असेल तर त्याच्या टोंकाला सेंटरचा आधार हवा. आणि चावी चकमध्यें विसरून लेथ सुरू झाला तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. मिस्त्रींचा नियम असा कीं, चावी चकमध्यें असेपर्यंत तिच्यावरचा हात काढावयाचा नाहीं. शेजारी कोणी आला, फोन वाजला, तरी नाहीं. पहिल्या दिवशीं मी चकच्या बरोबर समोर खुर्ची टाकून बसलों होतों. त्यांनीं ती मुकाट्यानें उचलून बाजूस ठेविली.

दुरुस्तीला वस्तु नेतांना मी आतां एवढें करितों: शाफ्टबरोबर त्याचीं बेअरिंगें आणि कपलिंगहि नेतों, कोणती बैठक मूळची चांगली आहे ती खडूनें दाखवितों, आणि ‘माप किती आलें’ हें विचारण्याआधीं ‘डायल कोठें लावला’ हें विचारतों. चांगल्या टर्नरला या प्रश्नाचा राग येत नाहीं; तो सुई दाखवितो. अशा कामाची मजुरी ट्रू चकवरच्या कामाहून अधिक पडते. माझी जवळजवळ दुप्पट पडली, आणि मीं घासाघीस केली नाहीं.

पंप मे महिन्याच्या मध्यावर पुन्हां चालू झाला. कपलिंगवर हात ठेवला तर पाण्याचा आवाज तेवढा जाणवतो. भुईमुगाचें जें व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. वरच्या वाफ्यांत शेंगा बऱ्या धरल्या, खालच्या वाफ्यांत पोचट निघाल्या. कपलिंग काढण्यासाठीं मीं तालुक्याहून तीन पायांचा पुलर विकत आणला आहे. त्याचा मधला स्क्रू शाफ्टच्या तोंडावरील त्याच भोंकांत टेकतो. टोंकाला थोडें ग्रीस लावून सावकाश फिरविला कीं कपलिंग निमूटपणें बाहेर येतें. घण आतां गोठ्यांत मेखा ठोकण्यापुरता ठेविला आहे.